चाळिशीला आलेली मोबाइलची पहिली पिढी

"डोकं जड राहतं, रात्री झोप लागत नाही, दिवसभर चिडचिड होते. मोबाइलमुळेच असणार ना, डॉक्टर?"

पेण, रोहा भागातला पस्तीस-चाळीस वर्षांचा रुग्ण बरेचदा असे स्वतःचे निदान सोबत घेऊनच दवाखान्यात येतो. बरोबर आलेल्या माणसाचेही तेच मत असते. "दिवसरात्र त्याच्यातच डोकं घालून बसतात, दुसरं काय होणार?" सगळ्यांचे एकमत झाले की पुढे तपासायचे काही उरत नाही असे वाटते. पण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावा, तर तो अनेकदा वाढलेला निघतो. याआधी कधी मोजला होता असे विचारले, तर उत्तर येते, "कधीच नाही."

हे चित्र कोणा एका रुग्णाचे नाही, अनेकांचे मिळून आहे. त्यातून एक गोष्ट लक्षात येते. या वयात फोनचा त्रास होतो हे खरे, पण सगळे खापर फोनवर फोडल्याने तपासणी टळते, हे त्याहून धोक्याचे आहे.

चर्चा मुलांची आणि म्हाताऱ्यांची

गेल्या वर्षभरात मोबाइल आणि आरोग्य यावर जी चर्चा झाली, ती मुख्यतः लहानांची. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हाही बोलणे कर्जात बुडालेल्या तरुण पोरांबद्दल होते. दुसरीकडे ज्येष्ठांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून लुटणाऱ्यांच्या बातम्या रोज येतात.

यांच्या मधली पिढी या चर्चेत जवळजवळ दिसत नाही. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल म्हणतात. म्हणजे आज साधारण तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंतची माणसे. मुलांच्या हातातून फोन काढून घ्यायचा आणि आईवडिलांना ओटीपी सांगू नका म्हणून बजावायचे, ही दोन्ही कामे याच लोकांकडे आहेत. त्यांच्या स्वतःच्या फोनचे काय, हे विचारायला कोणी नाही.

मध्येच फोन हाती आलेली पिढी

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हा या पिढीतली थोरली मुले चौदा वर्षांची होती आणि धाकटी जन्मायची होती. पेणच्या किंवा रोह्याच्या थोरल्यांना एसटीडी बूथसमोरची रांग आठवते. शेजारच्या घरी आलेल्या फोनसाठी धावत जाणे आठवते. बारावीनंतर सायबर कॅफेत अर्ज भरणे आठवते. कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत बटनांचा साधा मोबाइल आला. २०१६ हे वर्ष तर दुहेरी ठरले. सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि पैशाचे व्यवहारही फोनवर गेले.

२०२१ मध्ये लसीकरणासाठी कोविनवर नावनोंदणी सुरू झाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद कोणी केली? बहुतेक घरांत याच वयाच्या मुलाने, सुनेने किंवा लेकीने. तेव्हापासून घराचे 'कार्यालय' त्यांच्याकडे आले, ते आजही त्यांच्याचकडे आहे.

म्हणून "आमच्या वेळी कुठे होते मोबाइल?" हे वाक्य या पिढीला लागू पडत नाही. त्यांना फोनशिवायचे जग माहीत आहे. तरी त्यांना फोन सोडता येत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी त्यांच्या फोनमध्ये नेमके काय असते ते पाहावे लागेल.

कारखान्यातला फोन, कंपनीतला फोन

पेण शहर, हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. इथल्या मूर्ती राज्यभर जातात, परदेशातही जातात. परदेशी जाणारा माल समुद्रमार्गे पाठवायचा असल्याने ते काम गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. पूर्वी गिऱ्हाईक कारखान्यात येऊन मूर्ती पाहून जायचे. आता फोटो मागवतात. "सोंड जरा अशी करा, पितांबराचा रंग बदला" असे निरोप व्हॉट्सॲपवर येतात. अमेरिकेतल्या मंडळाची सकाळ म्हणजे पेणची संध्याकाळ, आणि त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. चाळिशीचा कारखानदार दिवसभर डोळ्यांची आखणी करतो, म्हणजे अगदी जवळ पाहण्याचे बारीक काम, आणि रात्री तेच डोळे पडद्याला लावून ऑर्डर सांभाळतो. पीओपीच्या मूर्तींबाबत न्यायालयात काय झाले, विसर्जनाचे नियम काय आले, हेही त्याला फोनवरच कळते, आणि त्यावर त्याचा हंगाम अवलंबून असतो. हा फोन बंद ठेवायचा म्हणजे दुकानाचे शटर ओढून घेण्यासारखे.

रोह्याची तऱ्हा वेगळी. धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कंपन्या आहेत आणि त्या पाळ्यांत चालतात. ज्वलनशील रसायने हाताळली जातात तिथे साधा मोबाइल आत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे पाळीचे आठ तास कामगाराचा फोन बाहेर राहतो. बाहेर आल्यावर या आठ तासांचे सगळे साचलेले असते. शिफ्टच्या ग्रुपवरचे निरोप, उद्या रिलिव्हर येणार की नाही, मुलाच्या शाळेची सूचना, बँकेचा हप्ता, गावकीच्या ग्रुपवरचे भांडण. सकाळी सात-आठला नाइट संपवून आलेला माणूस अंथरुणावर पडतो आणि "फक्त बघून घेतो" म्हणत दहा वाजतात. बाहेर ऊन चढलेले, घरात मुलांचा आवाज. मग झोप येते ती चार तासांची. आठवडाभर असे चालले की शरीरावर झोपेचे कर्ज चढते.

या दोन्ही घरांत तिसरे काम समान आहे, ते आरोग्याचे. आईच्या रक्ताचा रिपोर्ट पीडीएफ होऊन येतो, तो वाचायचा, डॉक्टरांना पाठवायचा, त्यातला लाल आकडा दिसला की रात्री गूगलवर शोधायचा. पनवेल, मुंबई किंवा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर आईवडिलांच्या तब्येतीशी असलेले नातेच फोनवर चालते. त्याचा फोन रात्री उशाशी असतो, कारण कधी काय निरोप येईल सांगता येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. फोन बंद होता म्हणून कोणाला विश्रांती मिळाली नाही. उलट, गावाकडे सगळे ठीक आहेत ना या काळजीने बाहेरगावच्या मुलांचा जीव टांगणीला लागला. या वयात फोन म्हणजे करमणूक कमी आणि काम, पैसा, नाती जास्त, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले.

अर्थात, पिढी म्हणजे सगळे एकसारखे नसतात. याच दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर याच वयाचे स्त्री-पुरुष दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला बाहेर पडतात. तिथे अडचण नेमकी उलटी असते. वाडीवर रेंज नाही, रिचार्ज संपलेला, आणि रेशनच्या पडताळणीपासून सरकारी योजनेपर्यंत सगळीकडे ओटीपी हवा. गरोदर बाईला कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन लागणे हीच मोठी गोष्ट. त्यांना 'स्क्रीन कमी करा' असे सांगणे म्हणजे थट्टा होईल.

शरीरावर नेमके काय होते?

*डोळे.* चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे दिसेनासे होते. मराठीत या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, म्हणजे हा त्रास मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. मोबाइल नसता तरी तो झालाच असता. पण पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. निळा प्रकाश रोखणारे महागडे चष्मे घेण्याआधी हे लक्षात ठेवा: २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण निदान थोड्या काळात तरी कमी होतो असे दिसले नाही. योग्य नंबरचा साधा चष्मा आणि मधूनमधून लांब पाहणे, एवढे बहुतेकांना पुरते.

*मान आणि अंगठा.* मान वाकवून फोन पाहिल्याने मणक्यांवर अमुक किलो भार येतो, असे चित्र तुम्ही पाहिले असेल. ते गणिती अंदाजावर आधारलेले आहे. वाकलेल्या मानेचा मानदुखीशी थेट संबंध अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेला नाही. एकाच स्थितीत तासनतास बसणे, व्यायाम नसणे आणि अपुरी झोप यांचा वाटाही मोठा असतो. मात्र अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि वस्तू पकडताना कळ येत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज असू शकते. सतत टायपिंग करणाऱ्यांत आणि तान्हे बाळ उचलणाऱ्या आयांत हे दिसते.

*झोप.* सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पडद्याच्या उजेडाचा थोडा परिणाम असतो, पण खरे कारण साधे आहे. फोन झोपेचा वेळ खातो आणि मन जागे ठेवतो. विनोदी व्हिडिओ पाहून मन जेवढे जागे राहत नाही, तेवढे "ऑर्डर रद्द" किंवा "उद्या डबल ड्युटी" या एका ओळीने राहते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. ती दीर्घकाळ कमी पडली की रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढण्याचा धोका वाढतो, भूक वाढते, वजन वाढते.

*रक्तदाब आणि साखर.* आयसीएमआरच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि दर १०० प्रौढांत सुमारे ३५ जणांचा रक्तदाब जास्त आहे. यातल्या पुष्कळांना ते ठाऊक नसते, कारण सुरुवातीला काही दुखत नाही. कामाच्या तासांचाही संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रात्री अकराला फोनवर केलेले काम आपण या तासांत मोजत नाही. शरीर मात्र मोजते.

हे व्यसन आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून 'गेमिंग'चा विकार आहे. 'मोबाइलचे व्यसन' असा स्वतंत्र आजार त्या यादीत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास बाह्यरुग्ण विभाग चालतो, म्हणजे काहींना उपचारांची खरी गरज असते. पण आपल्यासमोर येणाऱ्या बहुतेक मिलेनियल रुग्णांना 'व्यसनी' म्हणणे चूक आहे.

ही बाब केवळ शब्दांची नाही. व्यसन म्हटले की दोष माणसाच्या मनोबलाकडे जातो. घरचे रागावतात, तो स्वतःला कोसतो, दोन दिवस फोन लांब ठेवतो, तिसऱ्या दिवशी काम अडते आणि सगळे पूर्ववत होते. "आपल्याच्याने होत नाही" एवढाच धडा उरतो. आणि थकवा, डोकेदुखी, चिडचिड यांचे उत्तर आधीच मिळालेले असल्याने रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांपैकी काहीही तपासले जात नाही. घोरणाऱ्या जाड माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. सतत उदास असणाऱ्या बाईला नैराश्य असू शकते, आणि रात्रीचा फोन हे त्याचे कारण नसून लक्षण असू शकते. झोप येत नाही म्हणून ती फोन पाहते, आणि आपण म्हणतो फोन पाहते म्हणून झोप येत नाही.

कायद्याने काय होईल?

कामाच्या वेळेनंतर आलेला फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा, असे विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडचे विधेयक खासगी आहे, आणि १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे फार आशा धरता येत नाही.

समजा कायदा झाला, तरी तो पेण-रोह्यात किती पोचेल? धाटावच्या कायम कामगाराला कदाचित उपयोग होईल. ठेकेदाराकडच्या कामगाराला ग्रुपवरच्या निरोपाला "उद्या सांगतो" म्हणण्याची हिंमत होईल का, हा प्रश्न आहे. गणपतीच्या कारखान्याचा मालक तर स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. त्याला कोणाविरुद्ध हक्क मागायचा? तरीही या चर्चेचा एक फायदा आहे. रात्रीचा फोन ही त्या माणसाची वाईट सवय नसून कामाच्या रचनेचा भाग आहे, हे तिने प्रथमच मान्य केले.

कंपन्यांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पाळीचे वेळापत्रक आठवडाभर आधी ठरवणे, नाइटवरून सुटलेल्या माणसाला दुपारपर्यंत फोन न करणे, आणि तातडीचा निरोप ग्रुपवर न टाकता फक्त कॉलने देणे, या तीन गोष्टींना खर्च नाही. नीट झोपलेला कामगार रासायनिक कारखान्यात सर्वांच्याच सुरक्षेचा भाग असतो.

तुम्ही काय करू शकता?

- काम आणि करमणूक वेगळी करा. 'फोन कमी करा' असे ठरवू नका, ते टिकत नाही. फोनवरचे कोणते काम टाळता येत नाही ते कागदावर लिहा. त्यासाठी दिवसात दोन-तीन ठराविक वेळा ठेवा. बाकीच्या ग्रुपच्या सूचना बंद करा.
- उशाशी फोन हवाच असेल तर फक्त कॉल वाजू द्या. आईवडील आणि जवळच्या चार-पाच जणांचे कॉल वाजतील आणि बाकी सगळे शांत राहील, अशी सोय जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते. फोन हाताच्या अंतरावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.
- परदेशी गिऱ्हाइकाला वेळ सांगा. "भारतीय वेळेनुसार सकाळी ९ ते रात्री ९" असा आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. चांगले गिऱ्हाईक त्यामुळे तुटत नाही.
- नाइट करणाऱ्यांनी आधी झोपावे, मग फोन पाहावा. घरी आल्यावर हलके खा, खोलीत अंधार करा. साचलेले निरोप उठल्यावर पाहा. घरच्यांनी या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा.
- घराचे कार्यालय वाटून घ्या. एकाने विजेचे बिल, दुसऱ्याने शाळा, तिसऱ्याने आईची औषधे. प्रत्येक ज्येष्ठाचे आजार, औषधे, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून भिंतीला लावा. रेंज नसली तरी तो कागद वाचता येतो.
- तिशी उलटली की तपासणी करा. आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व साखर मोफत तपासतात. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा जा. चाळिशी झाल्यावर डोळेही तपासून घ्या.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही आणि असे तीन महिने चालले आहे. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती आधी वापरली जाते.
- जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पुरेसे झोपूनही दिवसा डुलकी लागणे.
- दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब १४०/९० किंवा जास्त.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणे, कशातच रस न वाटणे. मनात जिवाचे काही करून घेण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. टेली-मानस या मोफत सेवेला १४४१६ वर केव्हाही फोन करा, मराठीत बोलता येते.
- अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब येणे. अशा वेळी गूगलवर शोधू नका, लगेच १०८ ला फोन करा.

घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट तुमच्या फोनमध्ये असतील. त्यांत तुमचा स्वतःचा किती जुना आहे, ते आज एकदा पाहा. नसेलच, तर या आठवड्यात जवळच्या केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.